गाण्याच्या शेवटचं हसू

३ जानेवारी

प्रिय ताई,

"शेवटचं ते हसू तुम्हाला सुचलं कसं?" असं परवा एका मुलीने मला विचारलं. मी एका शब्दात वेळ मारून नेली. तुलाच विचारावं म्हणून लिहायला बसले, तर लक्षात आलं की हे तुला तर मुळीच विचारता येणार नाही.

ती मुलगी कॉलेजच्या मासिकात लिहिते. कार्यक्रम संपल्यावर मी सभागृहाच्या मागच्या पायऱ्यांवर पाणी पीत बसले होते. म्हणाली, "तुमची ती गाण्यातली वाघासारखी गुरगुर ऐकली की वाटतं, आता छत खाली येणार. आणि त्यातूनच एकदम कुणीतरी गुदगुल्या केल्यासारखं हसू! ठरवून केलंत की आपोआप झालं?" मी म्हटलं, "आपोआप." तेवढं खरं होतं. मग म्हणाली, "आणि एवढ्याशा अंगातून हा आवाज निघतो तरी कुठून?" मी बाटली तोंडाला लावली ती रिकामी झाली तरी खाली घेतली नाही.

तू रागावशील, पण दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. आपला बँड बंद पडलेला नाही. तू गेल्यावर बरेच दिवस भाऊजींच्या शेडमध्ये नुसती फ्रीजदुरुस्ती चालायची. ड्रमवर चादर, गाद्या लावलेल्या भिंती गप्प. मग एक दिवस लांब्या गिटार घेऊन आला आणि भाऊजींना म्हणाला, "बँडचं नाव 'कॉम्प्रेसर' ठेवलंत, आता तोच बंद पडला तर आतलं सगळं नासेल. वहिनी येईल तेव्हा येईल. तोवर कुणीतरी उभं राहायला हवं." कुणीतरी म्हणजे कोण, हे तुला सांगायला नको.

चालीतलं गाणं मी गाते. गुरगुर मला येत नाही. ती तुझीच आहे. भाऊजींच्या ड्रमशेजारी लॅपटॉप असतो. त्यातून त्यांच्या कानात ताल वाजतो आणि बाहेर स्पीकरमधून तुझा आवाज. त्या वेळी मी माइक ओठांना चिकटवते, मान खाली घालते, केस पुढे घेते. लोकांना वाटतं, मीच. बसच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसा मी तुझ्या जागेवरचा रुमाल आहे, अशी मी स्वतःची समजूत घालते. पण रुमालाला कुणी टाळ्या वाजवत नाही गं.

आई बरी आहे. तुझ्याबद्दल विचारत नाही, पण माझा फोन वाजला की टीव्हीचा आवाज कमी करते.

तुझी,
पदवीधर

(हे नाव तू ठेवलंस. आता घरात कुणी घेत नाही, म्हणून मीच लिहून टाकलं.)


१९ जानेवारी

प्रिय ताई,

सोबत डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेला कागद आहे. आधी तो वाच, मग पुढचं.

मी ज्या लॅबमध्ये रक्त घेते, त्याच्या वरच्याच मजल्यावर त्या बसतात. तुझे सगळे रिपोर्ट घेऊन गेले होते. त्यांनी ते नीट, क्रमाने लावून पाहिले. गर्भाशयातली वार आधीच सुटू लागली होती, म्हणाल्या. रक्तदाब वाढत होता आणि तो वेळेवर पकडला गेला नाही. मी सरळच विचारलं, "बाई, पोटातून जोर लावून गायल्याने असं होतं का?" त्यांनी चष्मा काढला. "अगं, बायका खोकतात, शिंकतात, हंडे उचलतात, नवऱ्यांवर ओरडतात. आवाजाने मुलं गेली असती, तर जगात एक मूल जन्माला आलं नसतं." मग मी म्हटलं, हे लिहून द्या. त्या हसल्या, पण सही-शिक्क्यासकट दिलं.

ताई, मी शिकले ते कशासाठी? घरात पहिली पदवी आली तेव्हा तू माझ्या डोक्यावर आईची स्टीलची परात उलटी धरून मिरवणूक काढली होतीस. तेव्हाच मी ठरवलं होतं की या घरात आता कुणाला अडाण्यासारखं घाबरू द्यायचं नाही. आणि त्या दिवशी दवाखान्यात तू पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेली असताना आई म्हणाली, "पोटातून रेकत होतीस, मग पोट टिकणार कसं?" आणि त्या खोलीतल्या एका माणसाने तोंड उघडलं नाही. भाऊजी थर्मासचं झाकण लावत होते. ते नीट बसत नव्हतं. ते लावतच राहिले.

काल हा कागद मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती. संपल्यावर म्हणाली, "असलं कागदावर लिहून मिळतं होय?" मी चिडले. म्हटलं, "तुझ्या एका वाक्याने ताई गेली." तिने देठ मोडायचं थांबवलं नाही. सगळी जुडी मोडून झाल्यावर म्हणाली, "ते वाक्य तोंडातून निघत होतं ना, तेव्हाच मला वाटत होतं, कुणीतरी गप्प करा हिला. कुणी केलंच नाही."

आता तरी ये. तू निर्दोष आहेस, हे सिद्ध झालंय.

तुझी,
पदवीधर


८ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं कार्ड मिळालं. पाच ओळी. मला पाठ झाल्या आहेत.

"तुझी डॉक्टरीण खरं सांगते. मला तिथल्या नर्सनेही तेच सांगितलं होतं. मी त्यासाठी गेले नाही. ते हसू लोकांना ऐकवू नका. पत्ता कुणालाही देऊ नकोस, त्यांना तर नाहीच."

मी कागद, रिपोर्ट, शिक्का यांची फौज घेऊन भलत्याच किल्ल्याला वेढा घालून बसले होते. तुला तुझं निर्दोषत्व माहीत होतं. तुला फक्त हवं होतं की तुझ्या बाजूने कुणीतरी एक शब्द बोलावा, आणि तोही लगेच, तिथेच. तो शब्द नंतर सही-शिक्क्यानिशी पाठवून चालत नाही, हे मला कुठल्या वर्गात शिकवलं नव्हतं.

आणि ते हसू. तू लिहिलंस आणि मला तो दिवस पुन्हा दिसला. रविवारची दुपार होती, ध्वनिमुद्रण चालू होतं आणि लॅपटॉप मी सांभाळत होते. भाऊजींनी बाहेर 'शेड बंद' अशी पाटी लावली होती. आवाज घुमू नये म्हणून तुझ्या मागे दारं काढलेल्या दोन फ्रीजच्या सांगाड्यांत गोधड्या कोंबल्या होत्या. तुला सहावा महिना. माइकपर्यंत पोचायला तुला जरा तिरकं उभं राहावं लागत होतं. तू दोन्ही तळवे पोटावर ठेवलेस. नेहमीच ठेवायचीस, मलाही तेच शिकवायचीस, "घसा हा नुसता दरवाजा आहे गं, आवाज राहतो खाली." शेवटची गुरगुर सुरू केलीस, लांब, खोल, भिंतीवर टांगलेले पाने-पकडी हलतील अशी. आणि मधेच फुटून हसलीस. "अगंबाई, लाथ मारली! गाणं आवडलेलं दिसत नाही!" भाऊजी हेडफोन गळ्यात लटकलेले तसेच धावत आले आणि तुझ्या पोटाला कान लावून गुडघ्यांवर बसले. लांब्या म्हणाला, "पाचवी मेंबर आली आणि आल्या आल्या ताल चुकवला." पुढचं सगळं बोलणं कापलं, पण हसू तेवढं ठेवायचं, असं तूच म्हणालीस. "तिच्या पहिल्या लाथेचं आहे, राहू दे."

ताई, आता कार्यक्रमात लोक त्या हसण्याची वाटच बघत असतात. ते आलं की सगळेच्या सगळे तसं हसतात. काहींनी तसं हसतानाचे व्हिडिओ केले आहेत. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. पण मला माहीत आहे, आणि मी माइक तोंडाशी धरून उभी असते.

मी भाऊजींशी बोलते. पत्ता माझ्याजवळच राहील.

तुझी,
पदवीधर


२३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

बोलायला धीर होत नव्हता, त्याआधीच एक प्रकार घडला.

परवाच्या कार्यक्रमात दोन गाणी झाली. तिसऱ्याआधी मी लोकांशी बोलते. "नमस्कार, आज इथे येऊन..." एवढं म्हणाले आणि मागून तुझी गुरगुर सुटली. मी तोंड उघडून, हात हवेत, वाक्य अर्धवट. आणि मग ते हसू. लोकांना वाटलं, ही आमची गंमत आहे. सगळं सभागृह हसलं. मी मागे वळले. भाऊजी लॅपटॉपकडे बघत होते. बंद करायचं सोडून त्यांनी काठ्या मांडीवर ठेवल्या होत्या. शेवटी लांब्याने वायर उपटली.

सामान आवरताना लांब्या त्यांना म्हणाला, "गाणं सुरुवातीपासून लावायचं असतं, मालक. तुम्ही शेवटापासून लावलंत." भाऊजी म्हणाले, "आधी ऐकत होतो. परत मागे घ्यायचं राहून गेलं."

"आधी म्हणजे?"

"आधी म्हणजे आधी."

गाडीत मी त्यांच्या शेजारी बसले. मग कळलं. प्रत्येक कार्यक्रमाआधी, लोक आत यायच्या सुमाराला, ते हेडफोन लावून ड्रमच्या मागे बसतात, ते आम्हाला वाटायचं ताल घोटतात. ते तेवढाच तुकडा ऐकत असतात. "इतर काही नाही ना गं तिचं," म्हणाले. मला क्षणभर वाटलं, तुझ्याबद्दल बोलताहेत. तुझे कपडे आहेत, चपला आहेत, फोटो आहेत. मग उमगलं, ते तुझ्याबद्दल बोलत नव्हते. बाळाचा फोटो नाही, नाव नाही, काही नाही. आहे ती एक लाथ, आणि तीही तुझ्या हसण्यातून ऐकू येते तेवढीच.

मी विचारलं, "त्या दिवशी आईला का नाही थांबवलंत?"

रस्त्याकडे बघतच म्हणाले, "मला वाटलं, म्हातारं माणूस आहे, रडण्याऐवजी बोलतंय. आपण मध्ये पडलो तर वाढेल." मग म्हणाले, "मेहुणीबाई, मी ड्रम वाजवतो म्हणून लोकांना वाटतं मला आवाज करता येतो."

मी तुझं म्हणणं त्यांना सांगितलं, कार्डाचं नाव न घेता. "ताईला ते हसू लोकांसमोर नको असेल." ते म्हणाले, "बाकी सगळं काढ. तेवढं राहू दे."

तुझी,
पदवीधर


११ मार्च

प्रिय ताई,

आता घाई आहे, म्हणून मुद्द्याचं लिहिते. आमचा अल्बम निघतोय. एका कंपनीने सगळी गाणी मागितली आहेत. या महिन्याच्या अखेरीस ती जगात कुठेही, कुणाच्याही मोबाइलवर ऐकता येतील. एकदा सोडली की परत घेता येत नाहीत. त्यांना सगळ्यात जास्त आवडलंय ते शेवटचं गाणं, आणि जाहिरातीला फक्त ते हसू लावायचं त्यांच्या मनात आहे.

मी एक उपाय केला. तुझं कार्ड आल्यापासून मी गुरगुर शिकतेय. लॅबमधून आल्यावर शेडमध्ये, फ्रीजच्या सांगाड्यात डोकं घालून. सुरुवातीला घशातून रक्ताची चव यायची, तेव्हा तुझं सगळं आठवलं, दरवाजा आणि खालचं घर. आता येते. तुझ्यासारखी नाही. तुझी ऐकून छत खाली येईल असं वाटतं, माझी ऐकून फार तर पंखा पडेल, असं लांब्या म्हणतो. पण माझी आहे. लॅबमध्ये एक आजोबा रक्त द्यायला आले, मी म्हटलं, "मूठ आवळा," तर दचकले. आवाज अजून खालीच राहिला होता.

मी बँडसमोर म्हटलं, शेवटचं गाणं माझ्या आवाजात पुन्हा ध्वनिमुद्रित करू. ते हसू त्यात नको. लांब्या भडकला. "वा! शिकलेल्या माणसाचं डोकं! ज्याच्यासाठी गिऱ्हाईक दुकानात येतं, तेच फळीवरून काढून ठेवा!" मी म्हटलं, "ते ताईचं आहे." तो म्हणाला, "मग ताईने येऊन सांगावं ना!" भाऊजी काही बोलले नाहीत. पुन्हा एकदा, ताई, दवाखान्यातल्या त्या खोलीत नव्हते बोलले तसेच. मला त्यांचा इतका राग आला की मी त्यांच्यासाठी ठेवलेला चहा स्वतःच पिऊन टाकला.

तू म्हणशील, मग तू काय करणार? मला माहीत आहे मी काय करणार ते. पत्रात लिहिलं तर हातून होणार नाही.

तुझी,
पदवीधर


२७ मार्च

प्रिय ताई,

मी ते केलं.

बँडचं संगणकाचं सगळं काम माझ्याकडे आहे. तेवढा माझ्या शिक्षणाचा मान. लॅपटॉपमधून तुझा शेवटच्या गाण्यातला आवाज काढून टाकला. घरच्या डिस्कमधूनही. गाण्यांचं मिक्सिंग करणाऱ्या माणसाकडे गेले, त्याच्याकडचा त्याच्याच हाताने पुसून घेतला. तो म्हणाला, "बाई, उद्या रडत मागायला येऊ नका." मी म्हटलं, "नाही येणार." त्याआधी एक प्रत एका छोट्या मेमरी कार्डावर घेतली होती. ते रजिस्टरने तुझ्या नावाने पाठवलं. पोचल्याची पावती आली, म्हणजे ते आता तुझ्याकडे आहे आणि जगात दुसरं नाही. ते मोड, ठेव, नदीत टाक. तुझं आहे.

मला वाटलं होतं, हे केल्यावर मान ताठ होईल.

पावती आल्यावर भाऊजींना सांगायला शेडमध्ये गेले. ते एका फ्रीजमध्ये गॅस भरत होते. मीटरच्या काट्यावर नजर. मी सगळं एका दमात सांगितलं. भाषणच म्हण. हक्क, न्याय, आईपण, असे सगळे शब्द वापरले. त्यांनी काटा जागेवर येईपर्यंत वाट पाहिली, नळी सोडवली, टोपण लावलं. या वेळी ते नीट बसलं.

मग म्हणाले, "आधी सांगितलं असतंस तर..."

"तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"नसतो म्हणालो." हात पुसत होते, पुसून झालेले हात पुन्हा पुसत होते. "एकदा ऐकलं असतं."

ताई, मी एवढी शिकलेली, आणि हे मला सुचलं नाही. मी त्यांना विचारलंच नाही. तुझा हक्क तुला द्यायच्या नादात मी बापाला दाराबाहेर ठेवलं, आणि तोही असा बाप, ज्याच्याजवळ तिचं तेवढंच होतं. मी घाईघाईने म्हटलं, "लोकांच्या मोबाइलमध्ये कार्यक्रमाचे व्हिडिओ आहेत, त्यात येतं ते, मी शोधून देते." ते म्हणाले, "पाहिलेत गं सगळे. त्यात लोक हसतात. ती ऐकू येत नाही."

आणि मग ते रडले. त्या दवाखान्यात नाही, तू गेलीस तेव्हा नाही. शेडमध्ये, भर सकाळी, उघड्या फ्रीजसमोर, आतला दिवा तोंडावर पडलेला. मोठ्याने रडले, ताई. गाद्या लावलेल्या असून बाहेर ऐकू गेलं असणार, कारण समोरच्या वर्कशॉपमधली करवत थांबली. रडता रडता म्हणाले, "मी बोलायला हवं होतं. आईला म्हणायला हवं होतं, माझ्या बायकोला असं बोलू नका. एवढंच वाक्य होतं. रोज म्हणतो आता. ड्रमवर बसलो की म्हणतो. ऐकायला कुणी नाही."

मी त्यांना आईकडे नेलं नाही, पाणी दिलं नाही, काही समजावलं नाही. तिथेच एका पालथ्या डब्यावर बसून राहिले. मला समजावता येईल असं काही उरलं नव्हतं.

अल्बममध्ये शेवटचं गाणं आता माझ्या आवाजात जातंय. लांब्या माझ्याशी बोलत नाही. 'पंखा' म्हणतो मला, तेही दुसऱ्याला उद्देशून. कंपनीने आधी कुरकुर केली, मग घेतलं. गुरगुर संपते आणि तिथे काहीच नाही. गाणं तिथेच थांबतं. परवाच्या कार्यक्रमात लोक हसायला तोंड उघडून थांबले होते, आणि कुणीच हसलं नाही. मी माइक खाली घेतला आणि त्यांना सांगितलं, की आजवर तुम्ही ऐकत होता तो आवाज माझा नव्हता, माझ्या ताईचा होता. मग मागून एक बाई ओरडली, "मग ताई कुठाय?" मी माइक बंद केला. तुला शब्द दिला होता.

हा शब्द मी पाळत आले. आईने दोनदा, लांब्याने चारचौघांत, आणि भाऊजींनी एकदाही न विचारता, फक्त माझ्या पर्सकडे बघून विचारलं. मी सांगितलं नाही. तू म्हणालीस, त्यांना तर नाहीच. तुझं दुःख तुझं आहे, त्याला कुणी हात लावू नये, हे मला पटत होतं. अजूनही पटतं. पण त्यातलं अर्धं त्यांचं आहे, आणि ते अर्धं मी तुझ्याकडे रजिस्टरने पाठवून दिलं.

त्यांना परत ये म्हणायचं नाहीये. मी तसं विचारलं तेव्हा म्हणाले, "कुठल्या तोंडाने?" त्यांना ते एकदा ऐकायचंय. आणि ते एक वाक्य, जे त्या खोलीत म्हणायचं राहिलं, तुझ्यासमोर एकदा म्हणायचंय. तू आत घेतलं नाहीस तर पायरीवर उभे राहून ऐकतील. हेडफोन त्यांनी बरोबर घेतलेत, म्हणजे तुला पुन्हा ऐकावं लागणार नाही.

माझ्यावर राग धर. मला तो हवा आहे, कारण मी तुझा शब्द मोडलाय आणि मला त्याची लाज वाटत असूनही पश्चात्ताप होत नाही. हे दोन्ही एकाच वेळी कसं असू शकतं, ते मला माहीत नाही.

पाकिटावर तिकीट नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. मी त्यांना तुझा पत्ता दिला आहे. हे पत्र ज्यांनी तुझ्या हातात दिलं, ते अजून दारातच उभे आहेत.

तुझी,
धाकटी